उजव्या अंगाचं घर

सरोवराकाठच्या किसुमू शहरात, किबुये बाजाराच्या मागे, एका शिंप्याच्या दुकानावर माझी खोली आहे. घरांचे नकाशे काढून देणं हा माझा धंदा. नकाशा संगणकावर असतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात मी टॅब्लेट देते. त्याच्या काचेवर बोट फिरवलं की रेघ तिकडे संगणकाच्या पडद्यावर, नकाशात उमटते. कुणी सही करतं, कुणी खिडकी सरकवतं, कुणी हळूच शेजाऱ्याच्या जागेत स्वयंपाकघर काढून बघतं. माणूस ओळखायला मला तेवढं पुरतं.

त्या दुपारी ओडोंगो आला. हा डुंगाच्या किनाऱ्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तोंडाळ, पण मनाचा चांगला. त्याच्या बायकोचे, अपोंडीचे, दिवस भरत आले होते आणि दोघं अजून भाड्याच्या खोलीत राहत होती.

“ताई, आज सही करून टाकतो. पोराची नाळ काय घरमालकाच्या अंगणात पुरू?”

“आईला विचारलंस?”

“विचारलं की.”

“खोटं बोलताना तू नाक चोळतोस, ओडोंगो.”

एरवी तो हसला असता. ओडोंगो जुळ्यांतला धाकटा. थोरला ओपियो, अगदी त्याच चेहऱ्याचा, मासे धरायला सरोवरात गेला तो परतलाच नाही. बोट सापडली, तो नाही. आमच्यात आईच्या दारातून पाहिलं तर फाटकाच्या उजव्या अंगाला थोरल्याचं घर आणि डाव्या अंगाला धाकट्याचं. थोरल्याचं उभं राहिल्याशिवाय धाकट्यानं खांब रोवायचा नाही. पाण्यात गेलेल्याचा देह मिळाला नाही तर यागोच्या झाडाचं लांबट फळ त्याच्या जागी पुरतात, त्याच्या नावानं एक झोपडी बांधतात, आणि मागच्यांची वाट मोकळी होते. पण आई ते फळ पुरू देत नव्हती. पुरलं म्हणजे पोरगा मेला, म्हणायची.

“तो मेलाही नाही नि जिताही नाही,” ओडोंगो म्हणाला. “मी किती वाट बघू? माझं पोर थांबणार आहे का? तुम्ही काढलंय ते डावीकडचं घर तेवढं पक्कं करा, ताई.”

मला त्याची दया आली. मी टॅब्लेट पुढे केला.

सरोवरावरून आभाळ भरून येत होतं आणि भर दुपारी खोलीत अंधारलं होतं. ओडोंगोनं बोटानं सही केली. पडद्यावर ती उमटली. त्यानं टॅब्लेट टेबलावर ठेवला, हात पुसले.

पडद्यावरची रेघ थांबली नाही.

सहीच्या शेवटच्या अक्षरातून ती पुढे निघाली. सावकाश, जरा थरथरत, फाटकापर्यंत गेली आणि उजवीकडे वळली. तिथं तिनं एक भिंत काढली. मग दुसरी.

“हात लावलास का रे?”

“नाही, ताई…”

टॅब्लेट आमच्या दोघांच्या मध्ये पडला होता. मी रेघ पुसली. ती परत आली. मी टॅब्लेट बंद केला, काच काळी झाली, तरी पडद्यावर छप्पर चढतच होतं. खोलीत कुजलेल्या पाणवनस्पतीचा वास भरला. त्यात थोडा बोटीच्या तेलाचाही वास होता. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, आणि त्या आवाजाचा मला फार आधार वाटला.

“पुसा ना, ताई…”

“पुसलं रे… दोनदा पुसलं.”

शेवटी रेघेनं घराला दार काढलं. उघडं दार. त्या दारातून ती बाहेर पडली, अंगण ओलांडून डावीकडे आली, ओडोंगोच्या घरात शिरली आणि नवराबायकोच्या खोलीत जाऊन थांबली.

ओडोंगोनं बायकोला फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, तिचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

“अपोंडी, बरी आहेस ना?”

“हळू बोला… कोण बोलतंय?”

“अगं, मी. ओडोंगो.”

“मेल्या, थट्टा कुणाची करतोस? नवरा माझा आत झोपलाय. आत्ताच आला, चिंब भिजून. फोन कुठं तरी विसरलो म्हणाला. तुझ्याकडे आहे होय? आणून दे गुमान.”

ओडोंगो जिन्यावरून धावत सुटला. खिडकीतून मी त्याला मोटरसायकलवाल्याच्या मागे बसताना पाहिलं. नंतर पाऊस आला आणि पुढचं काही दिसेना. त्याचा फोन मात्र लागतच नव्हता.

पाऊस सरून बरेच दिवस झाल्यावर अपोंडी आली. कडेवर गुटगुटीत पोर. तिला बघून माझा जीव भांड्यात पडला.

“त्या दिवशी ओडोंगो वेळेवर पोचला ना गं?”

 तिनं दार लोटून घेतलं.

“ताई, त्या दिवशी बाहेरून कुणीच आलं नाही. थट्टेखोराला झोडपायला मी दारातच बसले होते. हे आत झोपलेले होते, ते अंधार पडल्यावर उठले. फार चांगलं वागतात. पोराला खाली ठेवत नाहीत. फक्त…”

“फक्त काय?”

“इंजिनाला हात लावत नाहीत. विसरलो म्हणतात. खरं सांगा ताई, त्या दिवशी इथं कोण आलं होतं?”

 ‘तुझा नवरा आला होता,’ असं तिच्या कडेवरच्या पोरासमोर कसं सांगू?

“सही राहिलीय,” मी खोटंच म्हणाले. “त्याला इकडे पाठव.”

अपोंडी खिडकीशी गेली. खाली शिंप्याच्या दाराशी, ओडोंगोच्याच चेहऱ्याचा, तो उभा होता. ती वाकून काही बोलली, तो काही बोलला. ती परत आली तेव्हा पोराला छातीशी घट्ट धरून होती.

“ते म्हणतात, सही धाकट्यानं केलीय. घर तर त्यांनी स्वतः उजव्या अंगाला काढून दिलंय… आता बांधायला कधी घेताय, विचारतायत.”