पहिल्या विड्याचा मान

सासष्टीच्या खाडीवर पहाट फुटत होती आणि पल्याडच्या आदिलशाही मुलखातले डोंगर धुक्यातून हळूहळू वर येत होते. अल्याड फिरंग्यांचा अंमल. मुलखात एकही देऊळ उभे राहू नये, मूर्ती दिसेल तिथे फोडावी, असे फर्मान सुटलेले. खारवाड्याच्या देवळाची पाळी आज सूर्योदयाला होती. म्हणून गावच्या मानकऱ्यांनी सातेरी देवीची हातभर उंचीची पाषाणमूर्ती पालखीत घालून गुपचूप खाडीकाठी आणली होती. होडी तयार होती, भरतीही अनुकूल होती.

पण वेळेवर निघतील तर ते मानकरी कसले! देवी देवळाबाहेर निघाली की पहिला विडा मानकऱ्याच्या हाती द्यायचा, त्याविना तिने पुढे जायचे नाही, असा रिवाज. आणि तो विडा कोणाचा, यावर रवळू नायक आणि मंगू प्रभू यांच्या घराण्यांचा पिढीजात तंटा. तो त्यांनी तिथेच चिखलात उभे राहून उकरून काढला.

"प्रभू, आमच्या आजोबांनी देवीसाठी रणात शिर वाहिले आहे. विडा आमचा!"

"नायक, शिर वाहिले की पळता पळता गमावले, हे सारा गाव जाणतो. देवी इथेच राहिली तरी बेहत्तर, विडा आपणांस मिळणे नाही!"

धन्य ते भक्त! पालखीपुढे दिवटी धरून देवळाच्या सेवेला वाहिलेली चंद्री भावीण उभी होती. जन्मभर देवळाची झाडलोट केलेल्या या बाईला गाभाऱ्याचा उंबरा मात्र वर्ज्य होता. शिपायांची चाहूल प्रथम तिलाच लागली.

"धनी, फिरंगी आले!"

"तू मध्ये बोलू नकोस!" दोघेही एकदम गरजले. आयुष्यात त्यांचे एकमत झाले ते एवढेच.

बंदुकीचा बार झाला. भोई पळाले, नावाडी पळाला, आणि दोन्ही मानकरी खारफुटीत शिरले. त्या वेळी मात्र पहिला कोण, हे कोणी विचारले नाही.

चंद्रीने दिवटी टाकली, मूर्ती छातीशी कवटाळली आणि होडी लोटली. दुसऱ्या बाराची गोळी तिच्या उजव्या खांद्यात शिरली. ती मोठमोठ्याने रडत होती, पण डाव्या हातातले वल्हे तिने सोडले नाही.

पल्याड नवे देऊळ उभे राहिले. मानकरीही सावकाश, धुतल्या धोतरांनी, येऊन दाखल झाले आणि भावीण शिवल्यामुळे देवी बाटली, शुद्धी करावी लागेल, असा निवाडा त्यांनी दिला.

चंद्रीने शांतपणे विचारले, "मग होती तिथे परत नेऊन ठेवू का, धनी?"

शुद्धी यथासांग झाली, विड्यावरून पुन्हा तंटा जुंपला, आणि चंद्री डाव्या हातात दिवटी धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. उजवा हात तिचा पुन्हा कधी वर झालाच नाही.