खालून द्यायचं उत्तर

सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय चिंगीचं डोकं चालत नसे, म्हणून बोटवाले मामा थर्मास घेतल्याशिवाय बोट हलवत नसत. त्या दिवशीही दोघं बर्फाच्या कड्यासमोर, अंगावर तुकडा कोसळणार नाही इतकं अंतर राखून, चहा पीत बसले होते. लख्ख ऊन पडलं होतं. चिंगी हे नाव दादाने ठेवलेलं. आता केस पिकायला लागले, तरी ते काही सुटलं नाही.

काम जुनंच, बर्फाखालून येणारं पाणी मोजायचं. हिमनदीच्या पाठीवर वितळलेलं पाणी भोकांतून तळाशी जातं, बर्फाखालून वाहत येतं आणि इथे समुद्रात खोलवर बाहेर पडतं. गोडं पाणी हलकं, त्यामुळे ते कड्याला घासत उसळून वर येतं आणि समुद्राचं उबदार खारं पाणी ओढून बर्फाला भिडवतं. वरून बघावं तर कडा कसा धट्टाकट्टा, आणि खालून पार पोखरलेला. ही वाट कळावी म्हणून पूर्वी वरच्या भोकात नारिंगी रंग ओतत.

तेव्हा वर दादा असायचा, खाली चिंगी. रंग ओतला की तो वायरलेसवर सांगायचा, "ओतलं." समुद्रात रंग दिसला की ती म्हणायची, "आलं." खालून उत्तर मिळाल्याशिवाय वरच्याने भोकाची कड सोडायची नाही, असा नियमच होता. मधल्या वेळात दादाच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. "चिंगे, झोपलीस का? डोळे उघडे ठेव, नाहीतर मासे रंग पिऊन टाकतील!" काय मजेचे दिवस होते ते! आठवले की तिला आजही एकटीलाच हसू यायचं.

मग एकदा रंग आलाच नाही. दादा वाट बघत थांबला आणि कड त्याच्यासकट खचली. तो सापडलाच नाही. त्यानंतर रंग ओतणंच बंद झालं. दादा गेला हे आईने मात्र कधी मानलं नाही. ती तिकडे लांब, घरी एकटी. फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "दादा निघाला का गं?" चिंगी विषय बदलायची. त्या माउलीला एकदा तरी "हो" म्हणता यावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून तर ती या कड्याला चिकटून राहिली होती.

चहा संपवून तिने मोजणीचं यंत्र दोरीने पाण्यात सोडलं. पाणी उसळतं तिथे एरवी पक्ष्यांचा नुसता गोंगाट असतो, कारण पाण्याबरोबर त्यांचं खाणं वर येतं. आज सगळे पक्षी बर्फाच्या तुकड्यांवर चिडीचूप बसले होते, कड्याकडे तोंड करून.

"मामा, यांना काय झालं?"

"आपल्याला काय करायचंय? तू यंत्र वर घे."

तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"ओतलं."

चिंगीच्या हातातून दोरी सुटली.

"मामा, वर कोण आहे?"

"वर कोण असणार? तिथला तंबूसुद्धा कधीच काढला."

कड्याच्या पायथ्याशी पाणी नारिंगी झालं. आधी वाटीएवढं, मग बोटीभोवती सगळीकडे.

"चिंगे, झोपलीस का? किती वेळ उभं करतेस? पाय गारठले गं."

तोच आवाज. तीच चेष्टा. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"उत्तर देऊ नकोस, पोरी," मामा म्हणाले. "तुला माझी शपथ."

पण उत्तर मिळेपर्यंत दादा कड सोडणार नव्हता. इतकी वर्षं तो तसाच उभा होता की काय? तिने मामांचा हात झटकला.

"आलं, दादा. आलं रे. घरी जा आता. आई वाट बघतेय."

वायरलेस बंद पडला.

पक्षी एकदम उडाले.

बोट धक्क्याला लागतेय तोच फोन वाजला. आई होती, आणि चक्क हसत होती.

"अगं, दादा आला! केव्हाचा न्हाणीघरात आहे. दाराखालून पाणीच पाणी येतंय, आणि काय गार! टॉवेल द्यायला मी फटीतून हात आत घातला..."

"आई, हात बाहेर काढ."

"कसा काढू? त्याने धरून ठेवलाय ना."

"आई!"

"ओरडतेस काय? इतक्या वर्षांनी भेटतोय, सोडवत नसेल बिचाऱ्याला." मग ती फोनपासून तोंड वळवून लाडाने म्हणाली, "हो रे, येते, येते. असा ओढू नकोस."