मिनिटभराची शांतता

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी गेले होते अगदी साध्या कामाला. परदेशी वाहिनीसाठी तीस वर्षं लढाया नि भूकंप टिपत फिरलेल्या एकनाथ पागधरेच्या टेपा आमच्या संग्रहालयासाठी ताब्यात घ्यायच्या होत्या. गेल्या वर्षी कुठल्याशा परक्या देशात पूर दाखवता दाखवता तो स्वतःच वाहून गेला. देह सापडलाच नाही, कॅमेरा तेवढा काठावर सापडला.

बोईसरला उतरले आणि रिक्षाने तारापूरच्या पुढे, किनाऱ्यावरच्या त्याच्या घरी पोचले. ओटीवर सुक्या बोंबलांचा वास भरून राहिला होता. त्याची आई, रंभाबाई, टेपांच्या पेट्यांपाशी राखण करत बसली होती.

"सगलं ने," ती म्हणाली. "पन एक सांग. रोज दिवेलागनीला मी दारातून त्याला हाक मारायची. दर्यावर गेलेल्याला आमच्या घरात मारतात, तशी. पोचायची का ती त्याला?"

मी सोबत आणलेल्या यंत्रात टेप घातली, हेडफोन चढवले आणि एकेक तपासू लागले. एकनाथ कामाला मोठा शिस्तीचा. चित्रीकरण आटोपलं की त्या जागेची मिनिटभर शांतता तो टिपून ठेवायचा. कार्यक्रम जोडताना सांधे बुजवायला ती लागते. बगदादच्या शांततेत मला एका बाईची हाक ऐकू आली. "एकनाथ..." काबूलच्या शांततेतही तीच. एवढे देश, एवढे समुद्र ओलांडून आईची हाक! मला रडूच फुटलं.

"आजी, पोचली हो तुमची हाक!" मी हेडफोन तिच्या कानांना लावले.

तिचा चेहरा उतरला. "ही मी नाय... दर्याच्या तोंडावर आमी खरं नाव घेत नाय. मी त्याला बाबल्या म्हनते." मग ती थबकली. "थांब... मागून... ती मी हाय."

मी पुन्हा ऐकलं. खरंच, त्या हाकेमागोमाग, खूप लांबून, "बाबल्या, घरा ये..." प्रत्येक टेपेत दोन हाका. एक बोलावणारी, दुसरी मागे ओढणारी. तीस वर्षं ही म्हातारी या दारातून त्याला धरून होती. मी तिच्या पायांशीच बसले.

पुराचं शेवटचं रेकॉर्डिंग तेवढं उरलं.

"तवा मी बोईसरला दवाखान्यात पडलेली," ती पुटपुटली. "हाक नाय मारली. तरी बघ..."

बाहेर अंधारून आलं होतं. मी ऐकू लागले. पाण्याचा आवाज. "एकनाथ..." मग काहीच नाही. दुसरी हाक नाही. आणि अगदी माईकजवळ, जेवायला बोलावलेल्या माणसाच्या सहज आवाजात, एकनाथने ओ दिली.

"हाय ना माझी हाक?"

"आहे, आजी," मी म्हणाले. यंत्र बंद केलं, हेडफोन काढून ठेवले.

"हेमांगी..."

माझंच नाव. हाक समुद्राकडून आली. आवाज ओळखीचा... कुणीतरी आपलंच माणूस. मी वळले, तोंड उघडलं, तोच रंभाबाईचा खरखरीत हात माझ्या ओठांवर घट्ट बसला.

"ओ देऊ नको, बाय," ती कानाशी म्हणाली. "त्यानं दिली ना?"

मी होकाराची मान हलवली. तिने हात मात्र काढला नाही. हाक अजून येतच होती.