डुलकी

दुपारची जेवणं आटोपली तसं म्हाताऱ्या ड्रायव्हरनं गाडीचं बॉनेट पुसायला घेतलं. काम साधंच होतं. बॉनेटवर कॅमेरा चिकटवायचा, घाटातल्या वळणावर चारचं ऊन कसं डोळ्यांत घुसतं ते टिपायचं, आणि अपघाताची चौकशी करणाऱ्या साहेबाच्या टेबलावर नेऊन आपटायचं.

त्याच वळणावर पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाच्या गाडीला अपघात झाला होता. जीव जाण्याआधी दवाखान्यात बायकोला एवढंच म्हणाला, "मागून कुणीतरी डोळे झाकले गं…" साहेबानं ते ऐकलं आणि कागदावर लिहिलं, चालकास डुलकी लागली. वर हसून म्हणाला, "यालाच डुलकी म्हणतात, काका."

ते हसू म्हाताऱ्याच्या डोक्यात खिळ्यासारखं रुतून बसलं होतं. तीस वर्षांत ज्यानं स्टिअरिंगवर साधी जांभई दिली नाही, त्याला डुलकी! कॅमेऱ्याची रबरी वाटी त्यानं इतकी दाबली की अंगठा पांढरा पडला. वरून सुतळी आवळली, तीन गाठी मारल्या. भिंग रस्त्याकडे.

"दादा, जपून," भावजय दारातून म्हणाली.

"जपायचं ते त्या साहेबानं."

वळण आलं. ऊन डोंगराआड होतं, डोळ्यांवर तिरीपही आली नाही. म्हातारा चरफडतच परतला. उतरून बघतो तर कॅमेऱ्याचं तोंड काचेकडे फिरलेलं. गाठी तिन्ही जशाच्या तशा.

स्वयंपाकघरात बसून त्यानं आणि भावजयीनं ते चित्रण लावलं. रस्ता, झाडं, वाऱ्याची घरघर. वळणाशी चित्र हळूहळू फिरलं… काचेतून म्हातारा दिसला. हात स्टिअरिंगवर. आणि मागच्या सीटवरून आलेले दोन ओले तळवे त्याच्या डोळ्यांवर.

"अगं, मला तर रस्ता दिसत होता…"

चित्रातला म्हातारा मात्र हसत होता, लहानपणी मागून डोळे झाकून 'ओळख पाहू कोण' खेळताना हसायचा तसा. "धाकट्या?" त्यानं विचारलं. गाडीच्या काचा बंद, तरी शब्द स्पष्ट.

वारा थांबला. कुणीतरी हलकेच म्हणालं, "चुकलास."

मग भावजय उठली. तिच्या आवाजात रडू नव्हतं.

"डुलकी नव्हती. उद्याच त्या साहेबाच्या तोंडावर फेकू हे."

"ऑफिस घाटापलीकडे आहे, पोरी. दुसरा रस्ता नाही."

"मग मी मागच्या सीटवर बसते. बघते, कोण झाकतं तुमचे डोळे."

म्हाताऱ्यानं खिडकीतून अंगणात पाहिलं. गाडी तासाभरापासून बंद होती. मागच्या काचेवर आतून श्वासाची वाफ धरली होती.