बारावी ओळ

२०९१ सालच्या मिरजेत दोन बायका रस्त्यात भेटल्या, की एकमेकींची प्रकृती विचारत नसत. "तुझी किती?" असं विचारत. उत्तर टक्क्यांत यायचं. "साडेतीन." "माझी पावणेसहा. जावई राहायला आलेत ना!" मग दोघी हसून आपापल्या वाटेला लागायच्या.

ही चौकशी महागाईची असे. पण देशाच्या नव्हे, ज्याच्या त्याच्या. देशाची महागाई म्हणजे सगळ्यांच्या खर्चाची सरासरी, आणि सरासरी माणूस नावाचा माणूस आजवर कोणी पाहिलेला नाही. जो कांदा खातच नाही, त्याला कांदा महागल्याचं काय सोयरसुतक? म्हणून भाववेधशाळा निघाली. ताऱ्यांचा वेध घेणाऱ्या वेधशाळेची नजर आभाळाकडे असते, हिची बाजाराकडे. बाजारात जे जे विकलं जाई, त्याचा भाव तिथली यंत्रं क्षणोक्षणी टिपत आणि प्रत्येक माणसाच्या खर्चाची वेगळी टोपली मांडून तिची महागाई काढत. तिला 'निजभाव' म्हणत.

या निजभावावर बेतलेला एक बचत रोखा ओवीबाई मगदूम यांनी तीस वर्षांपूर्वी घेतला होता, आणि त्याची मुदत या आठवड्यात भरत होती. ओवीबाईंचं वय एकाहत्तर. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वी गोल आहे हे हजारो पोरांच्या डोक्यात त्यांनी उतरवलं. पण स्वतः कधी ती गोल पाहिली नाही, सगळा कारभार ऐकीव माहितीवर, ही खंत त्या येईल-जाईल त्याला बोलून दाखवत. आता पृथ्वीभोवती तीन दिवसांच्या सफरी निघत. माणशी तिकीट पन्नास लाख. सफरीचं रंगीत पत्रक ओवीबाईंच्या फ्रिजवर गेली सहा वर्षं चिकटलेलं होतं, आणि त्यावर पेनाने 'दोन' असं लिहिलं होतं. एक त्यांचं, एक झोयाचं.

झोया शिकलगार म्हणजे शेजारीण. घरचा धंदा सतारी बनवण्याचा. सतारीचा सूर खुलावा म्हणून तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासतात, त्या जवारीच्या कामात अख्ख्या मिरजेत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दर गुरुवारी दुपारी ती चहाला यायची. काम काही नसायचं. तेच तर तिच्या येण्याचं वैशिष्ट्य होतं.

त्या गुरुवारी मात्र आधी आले डॉक्टर कैवल्य सबनीस, भाववेधशाळेचे शास्त्रज्ञ. पस्तिशीचा तरुण, चेहरा असा की परीक्षेचा पेपर याला अवघड गेलाय असं ओवीबाईंना उगीच वाटलं.

"आजी, तुमच्या रोख्यात एक गंमत झालीय," ते म्हणाले. "हा रोखा चालतो कसा, हे तुम्हाला ठाऊक असेलच."

"माझ्या पैशाला महागाईची झळ लागत नाही, एवढं ठाऊक आहे. बाकी तुम्ही सांगा. आयुष्यभर मीच शिकवलंय, आज ऐकते."

डॉक्टर खुर्चीत सरसावून बसले. "साधी ठेव बघा. शंभराचे दीडशे होतात, पण तोवर शंभराची वस्तू दोनशेला गेलेली असते. आकडा फुगतो आणि माणूस गरीब होतो. या रोख्यात व्याजाचे दोन भाग. एक भाग घेताना ठरतो, तो तीस वर्षं हलत नाही. दुसरा दर सहा महिन्यांनी महागाईप्रमाणे बदलतो. भाव पडले तरी मुद्दल कमी होत नाही."

"आणि पहिलं वर्ष मोडता येत नाही," ओवीबाई म्हणाल्या. "पाचच्या आत मोडला तर तीन महिन्यांच्या व्याजावर पाणी. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी जाऊन आले होते विचारायला. मग नाही मोडला."

"बरोबर. शिवाय कंपन्यांना मिळत नाही, दुसऱ्याला विकता येत नाही, वर्षाला माणशी पन्नास हजारांच्या वर घेता येत नाही. साध्या माणसासाठीच आहे तो. आता, घेताना तुम्ही तुमच्या टोपलीच्या बारा ओळी भरल्या होत्या. आठवतंय?"

आठवतंय म्हणजे काय! तांदूळ, तेल, औषधं, भडंग, वीज, नाटकाची तिकिटं असं करत अकरा ओळी झाल्या आणि गाडी अडली. एक ओळ रिकामी ठेवली तर यंत्र अर्जच घेईना. मागे रांग लागलेली, खिडकीवरचा कारकून वैतागलेला. तेव्हा ओवीबाईंनी लिहून टाकलं : 'बिनकामाची शेजारीण, आठवड्यातून एकदा.' अकरा ओळींना शंभरातले ऐंशी भाग दिलेले होते, उरलेले वीस यंत्राने बाराव्या ओळीला लावले. शेजारणीला बाजारभाव नव्हता. नियमाप्रमाणे तिचा भाव एक रुपया धरला गेला. घरी येऊन ओवीबाईंनी हे झोयाला सांगितलं, तेव्हा "एकच रुपया?" म्हणून ती आठवडाभर रुसली होती.

"तीस वर्षं ती ओळ झोपली होती," डॉक्टर म्हणाले. "यंदा आमच्या यादीत नवी सेवा आली. सोबत-तास. एक माणूस घरी येतो, तासभर बसतो, बोलतो. काम काही नसतं. यंत्राने जुन्या ओळींशी ताडून पाहिलं आणि तुमची शेजारीण त्याला जुळली. सोबत-तासाचा आजचा भाव आठशे चाळीस रुपये."

"म्हणजे?"

"तुमच्या पन्नास हजारांतले दहा हजार त्या ओळीवर होते. त्याचे आठशे चाळीस पट म्हणजे चौऱ्याऐंशी लाख. बाकीच्या अकरा ओळी मिळून दोन लाख. वर ठरलेलं व्याज. एक कोटी सोळा लाख होतात, आजी."

ओवीबाईंनी आधी फ्रिजवरच्या पत्रकाकडे पाहिलं. मग त्या उठल्या, आत गेल्या, भडंगाचा डबा घेऊन आल्या आणि अख्खा डबा डॉक्टरांपुढे ठेवला. दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

"लाखो टोपल्या आहेत आमच्याकडे," डॉक्टर भडंग चिवडत म्हणाले. "ही ओळ दुसऱ्या कोणीच लिहिलेली नाही. फुकट मिळणारी गोष्ट कोण लिहील? आता मात्र सगळे विकत घेतात. माझ्याकडेही मंगळवारी एक गृहस्थ येतात. पाऊण तासाचं पॅकेज. चांगले आहेत हो. माझ्या आईची चौकशी करतात." त्यांनी डबा बाजूला सारला. "फक्त एक प्रश्न विचारावा लागतो. हा रोखा तुम्हाला महागाईची भरपाई देतो. ती वस्तू तुम्ही विकत घेत असाल, किंवा तिला मुकला असाल, तर भरपाई पूर्ण. फुकट मिळत असेल, तर भाव चढलाच नाही असं धरतात. मग मुद्दल खाली जात नाही म्हणून त्या ओळीचे दहा हजार दहा हजारच राहतात, आणि व्याज धरून सगळे मिळून दोन लाख त्र्याऐंशी हजार. मी तपासत नाही. तुम्ही सांगाल ते नोंदवतो."

आता आली का पंचाईत! झोयाला घेऊन पृथ्वी बघायला जायचं, तर झोया येतच नाही असं सांगायचं. ओवीबाईंचा जीव त्या पत्रकात अडकला होता, हे खोटं कशाला बोला? त्यांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दार ढकलून झोया आत आली, हातात झाकलेलं भांडं.

"शीरखुर्मा आणलाय. ईद होऊन गेली, पण दूध उरलं होतं," ती म्हणाली. पाहुणा दिसल्यावर थबकली. डॉक्टरांनी तिलाही सगळं सांगितलं. एक कोटी सोळा लाख हा आकडा ऐकून झोयाने भांडं टेबलावर ठेवलं, पदर सावरला आणि शास्त्रज्ञाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "मी पैसे घेते."

"अगं झोया..."

"तू गप्प बस. डॉक्टर, तासाला आठशे चाळीस. रोख. उधारी अजिबात नाही. भांडण झालं तर जादा आकार."

"पावती?" डॉक्टरांनी विचारलं.

"पावतीचा कागद संपलाय."

डॉक्टर ओवीबाईंकडे पाहू लागले. झोया त्यांच्या पाठीमागून डोळे वटारत होती, बोटांनी गोल पृथ्वी काढून दाखवत होती. ओवीबाईंना हसू आवरेना. आणि हसता हसताच त्यांना कळलं, की आपल्याला हे जमणार नाही. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी ही बाई तीन रात्री दवाखान्याच्या बाकावर बसली होती. हिला मी पैसे देते असं कागदावर येऊ द्यायचं? जळ्ळी ती पृथ्वी!

"लिहा," त्या म्हणाल्या. "फुकट येते. तीस वर्षं येते, आणि येताना खायला आणते."

"वेडी आहेस!" झोया ओरडली. "एक कोटी सोळा लाख घालवलेस माझ्यापायी! माझी लायकी तरी आहे का तेवढी?" मग तिलाच हसू फुटलं आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. डॉक्टरांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, पण तेही हसले. शीरखुर्म्याच्या दोन वाट्या त्यांनी संपवल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची ती परीक्षेची कळा पहिल्यांदा जरा निवळलेली ओवीबाईंना दिसली.

निघताना त्यांनी एक शेवटचा कागद भरायला घेतला. नियमच होता. फुकट सेवा नोंदली, की देणाऱ्याला तिच्या किमतीचा दाखला मिळे. "तीस वर्षांचे साधारण पंधराशे गुरुवार," ते पुटपुटले. "एका वेळी किती तास बसता?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खरंच किती? कधी चहा निवेपर्यंत, कधी दिवे लागेपर्यंत. कोणी पाहिलं होतं?

"एक धरतो," डॉक्टर म्हणाले आणि दाखला झोयाच्या हातात दिला. बारा लाख साठ हजार. "फ्रेम करून सतारीशेजारी लावते," झोया म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला. जाताना डॉक्टरांनी दारातून, लाजत लाजत, गुरुवारी कधी चुकून आलो तर चालेल का, असं विचारलं. दोघींनी एकाच वेळी "या की!" म्हटलं.

पुढच्या गुरुवारी झोया आली. गप्पा रंगल्या, ओवीबाईंच्या दोन लाख त्र्याऐंशी हजारांत पृथ्वी नाही तर निदान कन्याकुमारी तरी बघू असं ठरलं, डब्यातलं भडंग संपलं. मग झोया उठली, चप्पल शोधू लागली आणि भिंतीवरच्या जुन्या गोल घड्याळाकडे बघून म्हणाली, "दहा मिनिटं जास्त बसले गं! एकशे चाळीस रुपये झाले वर."

दोघी खळखळून हसल्या. झोया गेल्यावर ओवीबाई बराच वेळ त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. एक तास दहा मिनिटं. तीस वर्षांत जे दोघींनाही ठाऊक नव्हतं, ते आता ठाऊक झालं होतं, आणि ते पुसून टाकायची सोय कुठल्याही रोख्यात नव्हती. त्यांनी स्टुलावर चढून घड्याळ काढलं आणि कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी झोया पुरणाचे कडबू घेऊन आली. खूप बोलली, खूप हसली. घड्याळ कुठे गेलं, असं तिने विचारलं नाही. पण चहा संपत आला तशी, बोलता बोलता, तिची नजर भिंतीवर घड्याळाच्या जागी राहिलेल्या गोल पांढऱ्या डागाकडे गेली. आणि ओवीबाईंचीही नेमकी तेव्हाच तिकडे वळली.