चंद्रावरची राणी

खाणीतली पाळी दुपारी सुटायची, म्हणून त्या वर्षी आंबेखोलच्या जत्रेतलं दशावतारी नाटक भर उन्हात लागलं. खाण चंद्रावर होती. तिथले निम्मे कामगार सिंधुदुर्गातले. त्यांना गावचं नाटक ऐकायचं होतं, आणि तेही शिळं नव्हे, चालू असतानाच.

ध्वनितज्ज्ञ डॉ. मैथिली कोचरेकर सकाळपासून देवळामागच्या धर्मशाळेत मांडामांड करत होती. झांजेच्या दणक्यात राजाचा शब्द बुडू नये म्हणून तिने वाद्यांचे माइक वेगळे ठेवले. सगळे मिक्सरला जोडले, मिक्सर सर्व्हरला. इंटरनेटच्या लाइनी दोन घेतल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक रुसली तर दुसरी असावी. मंडळीचे मालक आणि कायमचे राजे दत्ताराम धुरी अर्ध्या रंगलेल्या तोंडाने हे पाहत होते.

"गो बाय, चंद्रार आवाज पोचूक किती वेळ लागता?"

"सव्वा सेकंद."

"एवढोच? मगे ह्यो संसार कित्याक मांडलंस?"

"काका, तुमचा विनोद तिकडे पोचायला सव्वा सेकंद आणि त्यांचं हसू इकडे यायला सव्वा सेकंद. तोवर तुम्ही काय मुकाट उभे राहणार?"

अडीच सेकंद हसू आलं नाही की नट संपतो, हे दत्तारामांना विज्ञानाशिवायही ठाऊक होतं. मैथिलीचा उपाय म्हणजे 'आगवाणी', माणसाच्या आधी बोलणारं यंत्र. एक पेटी इथे, एक तिकडे. मंडळीच्या वीस वर्षांच्या ध्वनिमुद्रणांवर दोन्ही शिकवलेल्या. माणूस पुढचे चार शब्द काय बोलेल, कुठे हसेल हे पेटी ओळखायची आणि त्याच्याच आवाजात सव्वा सेकंद आधी बोलून टाकायची. अंदाज चुकला तर चुकलेला शब्द गिळून खरा शब्द असा जोडायची, की सांधा कळू नये.

"मी तोंड उघडूच्या आधी ह्यां बोलतला? आगाऊच असा मगे!"

त्यांनी लगेच परीक्षा घेतली. "कोण आहे रे तिकडे?" अशी गर्जना केली. पेटीने प्रधानजींना बोलावलं, दत्तारामांनी कोंबडी-वडे मागवले. पेटीने प्रधानजींना अर्ध्यावर गिळलं. दत्ताराम पोट धरून हसले.

हसत होते, पण जीव टांगणीला लागला होता. त्या नाटकातली राणी चंद्रावरून बोलणार होती. वासू पालव हा त्यांचा वीस वर्षांचा जोडीदार, स्त्रीपार्टी नट. तीन वर्षांपूर्वी त्याचा आवाज जाड व्हायला लागला, आणि भर जत्रेत दत्ताराम बोलून गेले, "राणीसाहेब, घशात बेडूक गेला काय?" लोक लोळले. वासू दुसऱ्या दिवशी गेला तो थेट खाणीच्या स्वयंपाकघरात. आजच्या प्रयोगाला नुसता आवाज द्यायला त्याने होकार कळवला होता. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, त्यामुळे राजाच्या तोंडून माफी मागायची हे दत्तारामांनी ठरवलं होतं. वासू परत यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

उत्तरार्धात तो प्रवेश रंगला. राजा म्हणाला, "राणी, तुमचा अपमान आम्ही केला. माघारी या." कर्ण्यातून तोच जुना गोड आवाज तत्काळ आला, "महाराज, मनात काही ठेवलं नाही. येते मी." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. प्रयोग संपताच मोबाइलवर निरोप आला: वासूने नोकरी सोडली, पुढच्या यानाने येतोय. दत्तारामांनी रंगलेल्या तोंडानेच पेढे वाटले.

मैथिलीला मात्र पेढा गोड लागेना. सर्व्हरवर दिसत होतं की उत्तरार्धात लाइन बंदच होती. कंपन्या दोन असल्या तरी केबली एकाच चरातून आल्या होत्या, आणि नाक्यावर जेसीबीने दोन्ही एकदम उचलल्या. एरवी दोन सेकंद लाइन गेली की पेटीने गप्प बसायचं. पण तालमीत लाइन सारखी अडखळत होती, म्हणून मैथिलीने ती मर्यादा काढली आणि परत घालायची विसरली. दोन्हीकडच्या पेट्यांनी अख्खा उत्तरार्ध पार पाडला होता.

लाइन जोडून झाल्यावर तिने चंद्रावरचं ध्वनिमुद्रण मागवलं. तिथे वासूनेही माफी मागितली होती, न सांगता निघून गेल्याबद्दल, आणि पेटीतल्या राजाने त्याला माफ केलं होतं. दोघेही पेटीपुढे रडले होते. एकमेकांचं एक अक्षर कुणी ऐकलं नव्हतं.

तिने सगळं दत्तारामांना सांगितलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. आत वासू घोगऱ्या आवाजात, शब्द शोधत बोलत होता. दत्तारामांनी डोळे मिटून ऐकलं, आणि हसले.

"माका खुळो समाजतंस? ह्यो मशीनचो आवाज. माझो वासू असो अडखळना नाय. दुपारी जो बोललो, तोच खरो वासू."

"काका, हाच खरा आहे. आणि हाच आवाज घेऊन तो उतरणार आहे."

ते थोडे गंभीर झाले. मग तोंड पुन्हा उजळलं. "तर काय झाला? वासूक शालू नेसवून नुसतो उभो करू. बोलूक तुझी पेटी असा मा!"

तेव्हा वासू यानात पट्टा बांधून बसला होता आणि घसा खाकरून राणीची वाक्यं घोळवत होता.