मागे म्हणजे नेमकं कुठे?

कृत्तिकाला ठोकळ्या आवडत नसे. खरं तर त्या बिचाऱ्या रोबोने तिचं काहीच वाकडं केलं नव्हतं. तो हळू चालायचा, नम्रपणे बोलायचा आणि सातवीतल्या पोरीला ‘कृत्तिकाताई’ म्हणायचा. पण नाना त्याचं कौतुक करायचे, आणि तिला तेवढं कारण पुरेसं होतं.

नाना म्हणजे कृत्तिकाचे आजोबा, डॉ. श्रीधर गायधनी. ते भूशास्त्रज्ञ (जमीन आणि दगड यांचा अभ्यास करणारे) होते. सिन्नरबाहेर पवनचक्क्यांच्या माळावर त्यांनी ‘दगडघर’ उभं केलं होतं. एक लांबलचक दालन, त्यात ओळीने टेबलं आणि टेबलांवर आयुष्यभर गोळा केलेले दगड. चकाकत्या गारगोट्या होत्या, लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण होता आणि अगदी शेवटी, मागच्या वर्षी मालवाहू यानातून आलेला मंगळावरचा तांबूस दगड होता. येत्या रविवारी दगडघर सगळ्यांसाठी उघडणार होतं.

पाहुण्यांना दालन फिरवून दाखवायला नानांनी ठोकळ्या बनवला होता, आणि दाराजवळच्या मोठ्या पडद्यासाठी कृत्तिकाने एक वेबपान बनवलं होतं. बोट लावलं की दगड निवडायचा, त्याची गंमत वाचायची, पुन्हा बोट लावलं की मोठा फोटो. प्रत्येक दगडाबद्दल तिने स्वतः लिहिलं होतं. पण नानांना ते बघायला वेळच नव्हता. ‘नाना, बघता ना?’ म्हटलं की ‘बघतो हं, बाळ’ म्हणायचे, आणि संध्याकाळ झाली की ठोकळ्याला घेऊन खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. मग आतून बोलण्या-हसण्याचे आवाज. पूर्वी ती वेळ कृत्तिकाची असायची. एका लोखंडी डब्याशी रोज एवढं काय बोलायचं असतं, या विचाराने तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

शुक्रवारी दुपारी रंगीत तालीम होती. नाना पाहुणे झाले आणि ठोकळ्या वाटाड्या. त्याने गारगोट्या दाखवल्या, काळा पाषाण दाखवला, मग नानांना मंगळाच्या दगडापाशी आणलं. कुठे अडखळला नाही. कृत्तिका दारात हाताची घडी घालून उभी होती. तो कुठेतरी चुकावा, असं तिला मनापासून वाटत होतं.

“छान,” नाना म्हणाले. “आता जरा मागे चल बरं. काळा पाषाण पुन्हा बघायचाय.”

ठोकळ्या वळला. काळ्या पाषाणाच्या टेबलाजवळून तो तसाच पुढे गेला, दालनाच्या दारातून बाहेर पडला, अंगण ओलांडून थेट आपल्या चार्जिंगच्या कोनाड्यात जाऊन उभा राहिला. नाना मंगळाच्या दगडापाशी एकटेच राहिले.

कृत्तिका पोट धरून हसली. “घ्या. तुमचा लाडका घरी गेला.”

नाना रागावले नाहीत. त्यांनी ठोकळ्याला हाक मारून परत बोलावलं. “आता कृतूचं पान बघू. ठोकळ्या, तू पाहुणा हो.”

ठोकळ्याने आपलं रबरी बोट पडद्याला लावलं. पहिला दगड उघडला. ‘पुढचा दगड’ या बटणावरून तो दुसऱ्यावर गेला, तिसऱ्यावर गेला. मग त्याने वरच्या कोपऱ्यातलं मागे नेणारं बाणाचं बटण दाबलं. आता दुसरा दगड दिसायला हवा होता. पण दगडघर गायबच झालं आणि पडद्यावर नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक आलं. सकाळी कोणीतरी तेच उघडलं होतं.

कृत्तिकाचं तोंड एवढंसं झालं.

“कृत्तिकाताई,” ठोकळ्या म्हणाला, “मीसुद्धा मघाशी असाच बाहेर गेलो.”

त्याला बरोबरीने बोलताना ऐकून तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “तुझं आणि माझं सारखं नाहीये.”

“अगदी सारखं आहे,” नाना म्हणाले. “बस इथे. ठोकळ्या, कोपऱ्यातल्या त्या चपट्या फरश्या आण.”

नानांनी एक फरशी जमिनीवर ठेवली. “हा ठोकळ्याचा कोनाडा. तो दार ओलांडून दालनात आला.” त्यांनी पहिलीवर दुसरी फरशी ठेवली. “हे दालन. मी त्याला शिकवलंय, की नवं दार ओलांडलं की एक फरशी रचायची. आणि ‘मागे’ म्हटलं, की वरची फरशी बाजूला काढायची आणि खाली जी दिसेल तिथे जायचं. अशा रचण्याला संगणकवाले स्टॅक (एकावर एक ठेवलेली चळत) म्हणतात. आता सांग, दालनात तो टेबलाटेबलांवरून फिरला तेव्हा किती फरश्या रचल्या?”

कृत्तिकाला उत्तर आलं होतं, पण देण्यात तिला कमीपणा वाटत होता.

“एकही नाही,” ठोकळ्यानेच सांगितलं. “टेबलांना दार नसतं.”

“म्हणून मागे म्हटल्यावर त्याला दालनाखाली एकदम कोनाडा दिसला. ब्राउझरचंही (वेबपानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम) असंच असतं. तो प्रत्येक नव्या पानाला एक फरशी रचतो. पूर्वी दर वेळी खरंच नवं पान यायचं, तेव्हा सगळं आपोआप जमायचं. तुझं पान मात्र नव्या पद्धतीचं आहे.”

“कंपोनंटचं (पानाचे सुटे, बदलता येणारे भाग),” कृत्तिकाला राहवलं नाही. “पान एकच. मी फक्त मधला भाग बदलते. म्हणून ते झटकन चालतं.”

“झटकन चालतं खरं. पण तू भाग बदललास हे ब्राउझरला कोणी सांगितलं? त्याच्या दृष्टीने पाहुणा अजून पहिल्याच पानावर आहे.”

कृत्तिका फरश्यांकडे बघत राहिली. वेळापत्रकाची एक फरशी, त्यावर दगडघराची एक, आणि संपलं. बघणाऱ्याला आपण तीन दगड हिंडलो असं वाटतं, आणि चळतीत मात्र त्यातलं काहीच नाही.

“म्हणजे फरश्या मीच रचायच्या,” ती हळूच म्हणाली.

“तूच. दोन कामं आहेत. दगड बदललास की ब्राउझरला सांगायचं, ‘एक फरशी ठेव आणि तिच्यावर या दगडाचा पत्ता लिही.’ आणि पाहुण्याने मागचं बटण दाबलं, की ब्राउझर वरची फरशी बाजूला ठेवून हाक मारतो, ‘आता हा पत्ता वर आलाय.’ ती हाक ऐकून तो दगड दाखवायचा. बोलायचंही आणि ऐकायचंही.”

कृत्तिका कीबोर्ड ओढून बसली. ठोकळ्याच्या आधी आपलं जमलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. थोड्या वेळाने तिने ऐटीत सांगितलं, “दाब.”

ठोकळ्या पुढे पुढे मंगळाच्या दगडापर्यंत गेला. मागे दाबलं, तर त्याच्या आधीचा दगड आला. कृत्तिकाने मान ताठ केली. ठोकळ्याने पुन्हा मागे दाबलं. तोच दगड. पुन्हा दाबलं, तरी तोच. पान जागचं हलेना, आणि ठोकळ्या न कंटाळता दाबतच राहिला.

“पुरे,” ती चिडून म्हणाली. मग तिने स्वतःच फरश्या घेतल्या आणि रचून बघितल्या. मागे गेलं, वरची फरशी निघाली. आता दगड दाखवायचा. तिचा हात आपोआप नव्या फरशीकडे गेला आणि तिथेच थांबला.

“मी दगड दाखवते तेव्हा दर वेळी फरशी ठेवते,” ती म्हणाली. “मागे येतानासुद्धा. एक काढली, एक ठेवली. मग पाहुणा खाली जाणार कसा?”

“मग?”

“बोट लावून पुढे गेलं तर ठेवायची आणि दाखवायचं. मागे आलं तर नुसतं दाखवायचं.”

नानांनी तिच्या पाठीवर थोपटलं. या वेळी ठोकळ्या एकेक दगड मागे आला, पहिल्यापर्यंत पोहोचला आणि मगच वेळापत्रकावर गेला. मोठ्या फोटोलाही तिने एक फरशी दिली, म्हणजे मागे दाबलं की फोटो मिटेल. दगडाचं नाव शोधायच्या चौकटीत मात्र प्रत्येक अक्षराला नवी फरशी द्यायची का, असा प्रश्न तिला पडला.

“नको,” नाना म्हणाले. “तिथे वरचीच फरशी पुसून नवीन लिही. माणसाला ‘मी इथे आलो’ असं जिथे वाटतं, तिथेच फरशी.”

आता कृत्तिकाचं पान बिनचूक चालत होतं आणि ठोकळ्या अजूनही ‘मागे’ म्हटलं की अंगणात जाणार होता. तिला मनातून फार बरं वाटलं.

“आता हेच ठोकळ्यालाही शिकव,” नाना म्हणाले. “टेबलापाशी थांबला की फरशी, मागे येताना नाही.”

“मी नाही शिकवणार.”

“का गं?”

“तुम्ही शिकवा. तुमचाच आहे तो.” तिने कीबोर्ड ढकलून दिला. “मी बारा वेळा म्हटलं पान बघा, तुम्ही एकदाही बघितलं नाहीत. याच्याशी मात्र रोज दार लावून गप्पा. रविवारी तो अंगणात पळाला तर पळू दे. सगळे माझंच पान बघतील.”

नाना म्हणाले, “ठोकळ्या, आपण खोलीत काय करतो ते सांग हिला.”

“मी नानांना कृत्तिकाताईंचं पान वाचून दाखवतो,” ठोकळ्या म्हणाला.

कृत्तिकाला काही कळेना. नानांनी चष्मा काढून हातात धरला.

“गेल्या वर्षापासून माझ्या दृष्टिपटलाने (डोळ्याच्या आतला, उजेड टिपणारा पडदा) दगा दिलाय. दगड हाताला कळतात. तुझी अक्षरं नाही दिसत मला, बाळ. आणि तुला तसं सांगायचा धीर होत नव्हता.” मग ते डोळे मिटून म्हणू लागले, “‘ही गारगोटी. हिला वाटतं आपण हिरा आहोत, आणि कोणीही अजून तिला खरं सांगितलेलं नाही.’”

हे तिचंच वाक्य होतं. पहिल्या दगडाचं.

“मधेच मला आधीचं पुन्हा ऐकावंसं वाटायचं,” नाना म्हणाले. “ठोकळ्या मागे दाबायचा, पान बाहेर पडायचं, आणि आम्ही पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात करायचो. दर संध्याकाळी हेच. पाचव्याच्या पुढे मी अजून गेलेलो नाही.”

कृत्तिकाला रडू आलं. ज्या आवाजांनी तिच्या पोटात दुखत होतं, ते आवाज तिच्याच लिहिण्याचे होते. नानांना चार पावलांवरचा काळा पाषाण दिसत नव्हता, म्हणून त्यांनी ‘मागे चल’ म्हटलं होतं, आणि त्यांना तिथे एकटं सोडून ठोकळ्या निघून गेला तेव्हा ती हसली होती.

तिने डोळे पुसले आणि ठोकळ्याच्या पाठीवरचं झाकण उघडलं. दिवेलागणीला काम संपलं. मग नाना ठोकळ्याच्या खांद्यावर हात ठेवून दालनातून निघाले. मंगळाच्या दगडापाशी पोहोचल्यावर म्हणाले, “मागे चल.” ठोकळ्या बरोबर काळ्या पाषाणापाशी येऊन थांबला. नानांनी हात पुढे केला आणि त्यांच्या बोटांना दगड लागला.

कृत्तिकाच्या पोटात अजूनही थोडंसं दुखलंच, कारण नानांचा हात ठोकळ्याच्या खांद्यावर होता. तिने पुढे होऊन त्यांचा दुसरा हात धरला. आपलं पान कानांनीही वाचता यायला हवं, तोंडी ‘मागे’ म्हटलं तरी त्याला कळायला हवं, असं तिच्या मनात घोळू लागलं होतं. दालनात येणाऱ्यांत नानांसारखे आणखीही कोणी असतील.

“नाना,” ती म्हणाली, “आजपासून वाचून मी दाखवणार. ठोकळ्याने फक्त मागचं बटण दाबायचं.”

“चालेल, कृत्तिकाताई,” ठोकळ्या म्हणाला.

नाना खुर्ची चाचपून बसले. “मग सहाव्यापासून सुरू कर,” ते म्हणाले. “पहिले पाच मला पाठ आहेत.”